कातीव आणि धारदार

मराठी समीक्षेत 'कातीव' हे विशेषण आता इतके रुळले आहे की, ते वाचताना लाकडाचा भुगा कोणाच्याही डोळ्यांपुढे उभा राहत नाही. शैली कातीव असते, चेहरा कातीव असतो, नाटकातले संवादही कातीव असतात. लाकूड यंत्रावर गरगर फिरवायचे आणि त्याला हत्यार लावून ते गोल उतरवायचे, ह्या क्रियेला आपल्या पूर्वजांनी 'कातणे' म्हटले. ती करणारा तो कातारी किंवा खरादी. आणि त्याच्या हातून उतरलेला देव्हाऱ्याचा खांब, पाळण्याची दांडी किंवा पोराचा भोवरा तो कातीव. 'धारदार' ह्या दुसऱ्या लाडक्या विशेषणाचीही गत तीच. हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या अंगणातले आहेत, ही गोष्ट मात्र आपण विसरलो. हत्याराला धार नसेल तर लाकूड कातले जात नाही, ओरबाडले जाते.

ह्या दुसऱ्या शब्दाच्या बाजूने कातकामाचा इतिहास पाहावा असा आमचा हेतू आहे. लेथची चित्रे ग्रंथांत पुष्कळ आली, लेथ चालविणाऱ्या राजांची नावेही आली. परंतु ज्या विद्येवाचून तो लेथ म्हणजे नुसते फिरते चाक, ती धार लावण्याची विद्या कागदावर फार उशिरा उतरली. आणि ती उतरविली मुख्यतः हौशी माणसांनी. 'हौशी' ह्या शब्दाला आपल्याकडे थोडा हेटाळणीचा वास येतो. म्हणून हे जरा सविस्तर सांगावयाचे.

प्रथम धारेचे इतके महत्त्व का, ते पाहू. सुताराचा रंधा एका फटक्यात हातभर लाकडावरून जातो, मग उचलला जातो. कातकामात हत्यार एका जागी असते आणि लाकूड त्याच्यापुढून धावते. एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असला, तर त्याच्या कडेला लावलेल्या पटाशीखालून मिनिटाला सुमारे ९४० मीटर लाकूड जाते. दहा मिनिटांत नऊ किलोमीटरांहून अधिक. सातवीतील विद्यार्थ्याला करता येईल असे हे गणित आहे, आणि ते केल्यावाचून कातारी दर थोड्या वेळाने हात थांबवून सहाणेकडे का वळतो हे उमगत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस काम कमी करतो आणि दगड जास्त घासतो. वास्तविक तेच त्याचे काम असते.

दुसरी गोष्ट उताराची. हत्याराची कड जेथे संपते, तेथून मागे जो घासलेला उतार असतो, तो कातारी आधी फिरत्या लाकडावर टेकवितो. मग मूठ किंचित उचलतो, तशी कड लाकडात शिरते. उतार सपाट आणि एकसंध असेल तर तो हत्याराला आधार देतो आणि लाकडाची लांब, कुरळी ढलपी निघते. त्याला दोन-तीन पैलू पडले असतील तर आधार सुटतो, हत्यार झटक्याने आत ओढले जाते आणि कामही फुकट जाते. तेव्हा धार लावणे म्हणजे केवळ कड बारीक करणे नव्हे. योग्य कोनाचा एकच उतार राखणे होय. तिरप्या पटाशीला हा कोन पंचवीस-तीस अंशांचा चालतो, वाडगा कोरणाऱ्या गोल पटाशीला पंचेचाळीस ते साठ अंशांचा लागतो, आणि खरवडण्याच्या हत्याराला त्याहूनही बोथट, सत्तर-ऐंशी अंशांचा. कोवळी कड लवकर मोडते, जाड कड लाकूड चिरडते. ह्या दोहोंतील मध्य साधणे हीच विद्या.

आपल्या प्राचीन वाङ्मयात लेथ आहे, आणि तो थेट सूर्याशी जोडलेला आहे. सूर्याचे तेज त्याची पत्नी संज्ञा हिला सोसेना, म्हणून तिचा पिता विश्वकर्मा ह्याने जावयाला भ्रमीवर चढवून त्याचे तेज छाटले आणि त्या छाटणीतून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ अशी आयुधे घडविली, अशी मार्कंडेयपुराणात कथा आहे. सासऱ्याने जावयाला लेथवर धरल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. कालिदासाने हीच कल्पना रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, अवंतीच्या राजाचे वर्णन करताना उपयोजिली आहे. इंदूर-उज्जैनकडील वाचकांस तो श्लोक विशेष जवळचा वाटावा. तेथे कवीचा शब्द 'चक्रभ्रम' असा आहे. टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ शस्त्रांना धार लावण्याचे चाकाच्या आकाराचे यंत्र असा करतो. आणि त्याच जागी तो जो कोश पुढे करतो त्यात 'भ्रम' म्हणजे कारागिराचे 'कुंद' नावाचे यंत्र, अर्थात लेथ, असा अर्थ दिलेला आहे. लेथ आणि सहाण ह्यांची अशी गाठ एका शब्दात पडावी, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. चाक तेच, एकावर हत्यार लाकूड खाते, दुसऱ्यावर दगड हत्यार खातो.

परंतु धार कशी लावावी हे आपल्याकडे स्पष्टपणे सांगितले ते कविजनांनी नव्हे, कातारी-सुतारांनीही नव्हे. ते सांगितले शल्यवैद्यांनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय शस्त्रांचा आहे. शस्त्राला पाणी देण्याचे तीन प्रकार तेथे आहेत : क्षारात, पाण्यात आणि तेलात बुडवून, आणि कोणत्या कामाच्या शस्त्राला कोणते पाणी, तेही सांगितले आहे. धारेची जाडी कामागणिक ठरविली आहे. भेदनाच्या शस्त्राची धार मसुरेएवढी, लेखनाच्या शस्त्राची तिच्या निम्मी, व्यधनाच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी, लावलेली धार टिकविण्यासाठी सांवरीच्या लाकडाची फळी वापरावी, आणि शस्त्र केस छेदू लागले म्हणजे ते वापरण्यास सिद्ध झाले असे समजावे. पूर्वी न्हावी वस्तरा पथरीवर घासून चामड्यावर फिरवी आणि मनगटावरील लव कापून पाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या ह्या ओळींत त्या सगळ्या पायऱ्या आहेत. वैद्याने हे लिहिले, कारण त्याला शिष्यवर्गापुढे ते पाठ म्हणून मांडायचे होते. कातारी लिहीत नव्हता. त्याचा मुलगा शेजारी बसून पाहत होता, आणि तेवढे त्याला पुरे होते.

युरोपातही तेच घडले. तेथे कारागिरांचे संघ होते, आणि धंद्याचे मर्म संघाबाहेर जाऊ नये ही त्यांची शिस्त होती. ही शिस्त मोडली ती उमेदवारी करण्याची गरज नसलेल्या माणसांनी. सॅक्सनीचा इलेक्टर आउगुस्ट (राज्यकाल १५५३ ते १५८६) हा स्वतः लेथवर बसून हस्तिदंत काती. त्याच्या ड्रेस्डेन येथील संग्रहाची यादी १५८७ साली झाली. तीतील निम्म्याहून कितीतरी अधिक वस्तू म्हणजे हत्यारे होती. चित्रे, रत्ने आणि मूर्ती ह्यांच्या वर पटाश्या आणि कानशी! आमच्या मते हा संग्रह राजेशाही हौसेविषयी पुष्कळ काही सांगतो. ह्या माणसाला वस्तू मिळविण्याची हौस नव्हती, ती करण्याची होती.

पुढच्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सनने कारागिरीवरील आपली पुस्तिकामाला १६७८ सालापासून हप्त्याहप्त्याने काढली. कातकाम १६८० मध्ये आले. मॉक्सन छपाईच्या धंद्यातला आणि नकाशे करणारा. कारागीर हत्यारांना ज्या नावांनी हाक मारीत ती नावे त्याने जशीच्या तशी छापली, हे त्याचे मोठे काम.

परंतु केवळ कातकामाला वाहिलेला पहिला मोठा ग्रंथ एका संन्याशाचा आहे. शार्ल प्लुमिए (१६४६ ते १७०४) हा मार्सेय येथे जन्मलेला, मिनिम पंथाचा साधू. त्याचा सचित्र ग्रंथ १७०१ साली ल्यों येथे फ्रेंच आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापून निघाला. प्लुमिएची दुसरी विद्या वनस्पतिशास्त्र. वेस्ट इंडीज बेटांवर जाऊन त्याने तेथील वनस्पतींची शेकडो चित्रे काढली, आणि त्याच्या सन्मानार्थ एका वृक्षाला 'प्लुमेरिया' हे नाव मिळाले. तो वृक्ष म्हणजे आपला चाफा. पानगळ झालेल्या फांद्यांच्या टोकांवर पांढरी फुले मिरविणारा, गोव्याच्या आणि कोकणाच्या देवळांपुढचा चाफा. तो मूळचा अमेरिकेतला. आपण त्याची फुले देवाला वाहतो आणि लेथवर पहिला ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे नाव नकळत त्या झाडाशी जोडलेले राहते.

प्लुमिएचा ग्रंथ रशियाच्या पीटर बादशहाने रशियन भाषेत करवून घेतला. पीटरला लेथचे वेड होते. राजवाड्यात लेथशाळा होती, आणि तीत आंद्रेई नार्तोव (१६९३ ते १७५६) हा असामान्य यंत्रज्ञ त्याच्या जोडीस होता. नार्तोवने पॅरिसला नेलेला एक लेथ तेथील शास्त्रीय संग्रहात अद्याप जतन केलेला आहे. नार्तोवने आयुष्याच्या अखेरीस आपल्या सर्व यंत्रांचे वर्णन करणारा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो छापला गेला नाही. हस्तलिखित राजग्रंथालयात सुमारे दोनशे वर्षे पडून राहिले. बादशहाच्या हौसेने यंत्र घडले. पण बादशहा गेल्यावर ते ज्ञान कपाटात गेले. राजाश्रयाची हीच मर्यादा आहे. हौस एकट्याची असून भागत नाही, ती पुष्कळांची व्हावी लागते.

पुष्कळांची ती झाली १७९२ च्या सुमारास. त्या वर्षी पॅरिसमध्ये बेर्जरोन ह्या टोपणनावाने कातकामाच्या मार्गदर्शिकेचा पहिला खंड निघाला. दुसरा निघाला १७९६ साली. मधल्या काळात, जानेवारी १७९३ मध्ये, कुलुपांच्या आणि लेथच्या नादासाठी प्रसिद्ध असलेल्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. राजा गेला, पुस्तक पुरे झाले. आणि त्याच १७९२ साली स्ट्रासबुर्गचा जॉन जेकब होल्टझाप्फेल लंडनला आला. त्याच्या घराण्याने १७९५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत २,५०० हून अधिक लेथ विकले. गिऱ्हाईक बहुधा सरदार, धर्मोपदेशक, वकील, निवृत्त सेनाधिकारी. पोटासाठी कातणारा त्यांत विरळा. ह्या गिऱ्हाइकाला गुरू नव्हता. त्याला शेजारी बसून पाहता आले नव्हते, म्हणून त्याने विचारले. आणि विक्रेत्याला उत्तर द्यावे लागले.

ते उत्तर म्हणजे होल्टझाप्फेलांचे पाच खंड. चार्ल्स होल्टझाप्फेलने पहिला खंड १८४३ मध्ये आणि दुसरा १८४६ मध्ये काढला. १८४७ साली तो वारला. तिसरा त्याच्या मृत्यूनंतर १८५० साली निघाला. चौथा-पाचवा पुढे मुलाने पुरे केले. योजलेला सहावा निघालाच नाही. आमच्या विषयाला महत्त्वाचा तो तिसरा खंड. तो सबंध घासण्याचा आणि झिजविण्याचा आहे : दगड, वाळू, कुरुंद, चामडे, निरनिराळ्या भुकट्या, आणि हत्यारांना धार लावण्याची रीत. कुरुंद हा शब्द तर आपल्या देशातूनच इंग्रजीत गेलेला. तमिळ 'कुरुंदम्' आणि संस्कृत 'कुरुविंद' ह्यांच्याशी त्याचे नाते आहे. दगड आपला, नाव आपले, आणि त्यावरचा ग्रंथ लंडनचा!

होल्टझाप्फेलांच्या कातकामात धारेला विशेष महत्त्व का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. साधे लाटणे कातले तर शेवटी काचकागद लावून ते गुळगुळीत करता येते. धार जरा कमी असली तरी झाकून जाते. परंतु नक्षीच्या कातकामात आफ्रिकेच्या काळ्या लाकडावर किंवा हस्तिदंतावर शेकडो सूक्ष्म खाचा, पैलू आणि पाकळ्या पडतात. त्यांवर काचकागद फिरविला की कडा मरतात. म्हणजे जी चकाकी यायची ती हत्याराच्या कडेतूनच आली पाहिजे. आणि कडेला जेवढी चकाकी असेल तेवढीच लाकडाला येते. त्यासाठी ते हत्यार एका लहान तिपाईसारख्या उपकरणात ठराविक कोनात पकडीत, प्रथम दगडावर घाशीत, मग पथरीची भुकटी आणि तेल लावलेल्या पितळी पाट्यावर, आणि अखेर लोहभस्माची तांबूस पूड लावलेल्या लोखंडी पाट्यावर, उतार आरशासारखा होईपर्यंत. एका खाचेसाठी तीन पाटे. ह्या छंदापायी किती हत्तींचे दात खर्ची पडले तो हिशेब निराळा, आणि तो सुखावह नाही. परंतु पृष्ठाची गुणवत्ता ही हत्याराच्या गुणवत्तेची छाया असते, हा सिद्धांत येथे कागदावर पक्का झाला.

नंतरचा इतिहास पोलादाचा आणि चाकाचा आहे. तो थोडक्यात सांगतो. शेफील्डकडील बेंजामिन हंट्समनने १७४० नंतरच्या दशकात मुशीत वितळविलेले एकजीव पोलाद सिद्ध केले. तो मूळचा घड्याळजी, आणि त्याला हवी होती चांगली कमान. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसनने कार्बोरंडम केले आणि नैसर्गिक दगडाची सद्दी संपत आली. परंतु वेगवान कोरड्या चाकाने नवे संकट आणले. साध्या पोलादाची कड त्यावर तापली की प्रथम पिवळसर होते, मग जांभळी, मग निळी. निळी झाली की तिचे पाणी उतरले, मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. १९०० च्या आसपास टेलर आणि व्हाइट ह्यांनी तापूनही कठीण राहणारे पोलाद कारखान्यांसाठी सिद्ध केले, आणि काही दशकांनी ते हौशी कातकाऱ्याच्या पटाशीतही आले. त्याच सुमारास, १९३० नंतरच्या दशकात, शिकागोजवळच्या एका शाळेत गणित शिकविणारे जेम्स प्रेस्तिनी (१९०८ ते १९९३) छंद म्हणून लाकडाचे इतके पातळ वाडगे कातू लागले की पुढे कलासंग्रहालयांनी ते जपून ठेवले. आमच्या व्यवसायबंधूंनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडील जुना कातारी जमिनीवर बसतो. दोन खुंट्यांमध्ये लाकूड अडकविलेले असते. त्याला दोरीचा वेढा देऊन एका हाताने कमान मागे-पुढे ओढायची, दुसऱ्या हाताने आणि पायाच्या बोटांनी हत्यार धरायचे. मोठ्या कामाला दोरी ओढण्यास दुसरा माणूस लागतो. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. हत्यार कापते ते फक्त एका फेऱ्यात, दुसऱ्यात किंचित मागे घ्यावे लागते. अर्धा वेळ फुकट जाणाऱ्या ह्या यंत्रावर बोथट हत्यार परवडतच नाही.

बडोद्याच्या आग्नेयेस असलेले संखेडा, नर्मदेकाठची बुदनी, म्हैसुराकडील चन्नपट्टण, गोव्यातील कुंकळ्ळीचे चितारी : ही सगळी कातकामाची आणि लाखेची स्थाने. संखेड्यात सागवानाचे पलंग-पाळणे, बुदनी आणि चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, चिवट लाकडाची खेळणी. रीत बहुतेक एकच. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि मग केवड्याचे पान दाबून तिला चकाकी आणतात. आता वीज आली, मोटार आली. परंतु लाखेचा स्वभाव बदलला नाही. बोथट पटाशीने उपटलेला लाकडाचा एकेक तंतू लाखेखालून वर दिसतो. होल्टझाप्फेलांनी तीन पाट्यांवर जे साधले, तेच तत्त्व केवड्याच्या पानामागेही आहे. फरक इतकाच की, ते ग्रंथात आहे आणि हे हातात.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर ह्यांचा आग्रह होता की, तंत्रविद्या मातृभाषेतून शिकवावी. त्या आग्रहाचे स्मरण ठेवून आम्ही आमच्या शाळेतील हस्तव्यवसायाच्या वर्गासाठी धार लावण्याचे एक छोटे टिपण मराठीत करावयास घेतले. उतार, कड, कोन येथवर ठीक चालले. पण दगडावर घासल्यावर कडेच्या मागल्या अंगास जो अतिसूक्ष्म लोखंडी पापुद्रा वळून उभा राहतो आणि जो बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही, त्याला काय म्हणावे? वर्गात 'बर' म्हणतात. तो इंग्रजी शब्द. कारखान्यातून आलेला एक जुना कारागीर बोटाने दाखवी आणि 'हे' म्हणे. धार लावण्यास मात्र तो 'पाजविणे' म्हणे, आणि निसणा, सहाण, पथरी ह्या तिघांची कामे वेगळी मानी.

अकादमीचे सभासद जेथे राहतात, तेथे पाच-पंचवीस मैलांच्या आत लाटणी, भोवरे किंवा पाळणे कातणारा एखादा माणूस अजून सापडतो. त्याच्याकडे जाण्याची तसदी कोणी घेतलीच, तर एवढे विचारून यावे : दगड कोणता आणि कोठून आणता, पाणी लावता की तेल, हत्यार दगडावर कडेच्या दिशेने ढकलता की मागे ओढता, धार आली हे नखावर पाहता, केसावर की लाकडावर, तासाभरात किती वेळा उठता, आणि तो जो कडेमागचा पापुद्रा, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात.